उजव्या कोपराखाली

गोदेकाठी बुधवारच्या बाजारात
मेथीची जुडी पिशवीत टाकली, वीसची नोट पुढे केली
आणि डावा हात आपला आपण गेला
उजव्या कोपराखाली.
भाजीवाली म्हणाली, हाताला काय लागलंय का दादा?

काय सांगू तिला.

इथे कुणालाच ते गाव ठाऊक नाही.
सोल का? नाही, किमचन.
म्हणजे ती किमची? नाही हो, गाव आहे.
वरच्या कोरियात का खालच्या?
आपल्या मनमाडसारखं समजा, मी म्हणतो.
गाडी बदलायला उतरावं, काहीतरी गरम प्यावं,
नाव विसरून जावं.

तिथे चार वर्षं साचे घासले
आणि चारही वर्षं नाशिक नाशिक करत होतो.
भिंतीवर सासऱ्यांनी पाठवलेली दिनदर्शिका,
संकष्टीला लाल गोल.
मिसळीची तर्री डोळ्यांपुढे आणून
नूडल्सवर तिखट ओतायचो, आणि रडू यायचं
ते तिखटामुळेच, असं समोरच्याला सांगायचो.

समोरचा म्हणजे ओक जोंग-मान.
साचेखात्यातला उस्ताद, वय एकोणसाठ,
करंगळीचं एक पेर मशीनने नेलेलं.
विश्रामचं त्याने बिशुराम केलं, मीही होऊन गेलो.
रोज सकाळी विचारायचा, जेवलास का?
पहिले पंधरा दिवस मी इमानाने सांगत होतो,
दोन पोळ्या, वांगं, कालचा थोडा भात.
तो मान डोलावून सगळं ऐकून घ्यायचा.
मग कुणीतरी सांगितलं,
अरे, ते नुसतं राम राम आहे.

त्याच्या भावाची द्राक्षबाग होती.
रविवारी आम्ही घडांना कागदी पिशव्या चढवायचो.
पिंपळगावला मामाकडे हेच केलेलं,
फक्त तिथे वर्तमानपत्र असायचं,
अख्ख्या जिल्ह्याच्या बातम्या द्राक्षांच्या अंगाला.
यांचं द्राक्ष काळं, जाड सालीचं,
चिमटलं की गर टुणकन जिभेवर, साल बोटांत.
बिया थुंकत मी म्हणालो, आमच्याकडे बिया नसतात.
जोंग-मान विचारात पडला.
दुपार कलल्यावर म्हणाला,
मग पुढच्या वर्षी काय करता?
भाऊ इतका हसला की मांडवाचा खांब धरून बसला.

पाच आणि दहा तारखेला बाजार भरायचा.
घाण्यावर तीळ भाजत, रस्ताभर तो वास,
गोठलेल्या हवेतसुद्धा.
आणि म्हाताऱ्या दुकानदारणी सुटे पैसे देताना
एक हात दुसऱ्याच्या कोपराला लावून द्यायच्या,
पळीभर तीर्थ द्यावं तसे.
मला ते कुणी शिकवलं नाही.
मुंजीत शिकलो होतो, विसरलो होतो,
परत तिथे जाऊन आलं.

निघालो त्या दिवशी तो बसस्टँडवर आला.
हात हलवला नाही, मिठी वगैरे तर नाहीच.
जेवलास का?
हो, म्हणालो.
नव्हतो जेवलो.

आता अंबडला तेच काम, साचेही जवळजवळ तेच.
निफाडचा पारा पाचवर आला, बागांतून शेकोट्या पेटल्या,
कँटीनमध्ये सगळे हात चोळतायत
आणि मी मोबाइल काढून बघतो, तिकडे उणे अकरा.
मृदुला म्हणते, तिकडे पाऊस आला
की तुम्ही इथले कपडे काढाल दोरीवरून.
एकदा काढले होते. तिला सांगितलं नाही.

तर भाजीवाली माझ्या हाताकडे बघत होती,
मागे दोन बायका ताटकळलेल्या.
हो, म्हणालो. थंडीत दुखतो जरा.
तिने नोट कनवटीला लावली,
वरून मूठभर कोथिंबीर टाकली पिशवीत.
तिळाचं तेल कोमट करा, म्हणाली,
आणि रात्री चोळा.